पुसणार कोण? नव्या सजावटीची शिवणकामाच्या खोलीतून परीक्षा

घराला नवं रूप द्यायचं म्हटलं की आजकाल त्याच त्या गोष्टी समोर येतात. चुन्याची ढगाळ पोताची भिंत, उभ्या पन्हळीचं पॅनेल, छताच्या कडेला दडवलेली दिव्यांची पट्टी, गाठीगाठींच्या कापडाचा गोलसर सोफा, छतापासून जमिनीपर्यंत पडदे, आणि भिंत-छत-दार सगळं एकाच रंगात. यातलं बरंचसं आमच्या एका खोलीत आलं आणि आता त्याच्याबरोबर राहूनही झालंय. ती खोली बैठकीची आणि माझ्या शिवणकामाचीही. एका अंगाला सोफा, दुसऱ्या अंगाला मशीन, इस्त्रीचं टेबल आणि रिळांची मांडणी. त्यामुळे माझी परीक्षा जरा वेगळी आहे. फोटोत कसं दिसतं ते बघायला बाकीचे आहेत. मी दोनच गोष्टी बघते: या उजेडात मरून धागा मरून दिसतो का, आणि ही वस्तू पुसणार कोण. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरोघरी ठरलेलं असतं, आणि वस्तू पसंत करणारा माणूस बहुतेक वेळा दुसराच असतो.

दिव्यांना मी पैकीच्या पैकी गुण देते, पण अटी घालून.

छताच्या मधोमध एक भगभगीत दिवा आणि त्याच्याखाली सगळं घर, ही पद्धत आता मागे पडते आहे. त्याऐवजी निरनिराळ्या उंचीवर लहान लहान दिवे, प्रत्येक कामाला आपापला. वाचायला बाजूचा दिवा, भिंतीवर पडणारा उजेड, टेबलाच्या वर खाली सोडलेला एखादा. खोली बदलायची असेल तर सगळ्यात आधी हे करा, कारण एकही भिंत न खरवडता, एकही फर्निचर न हलवता संध्याकाळी खोली निराळी दिसते. २७०० केल्विनचा दिवा पिवळसर, ६५०० चा निळसर पांढरा, हे आता खोक्यावरच छापलेलं असतं. बसायच्या कोपऱ्यात २७०० किंवा ३०००, माझ्या मशीनवर ४०००. एकाच खोलीत दोन्ही ठेवले तरी चालतात, फक्त दोघांची बटणं वेगळी हवीत. दोन्ही एकदम लावले की भिंतीवर पिवळे-निळे पट्टे दिसतात आणि डोळ्यांना काहीतरी खटकत राहतं.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, तो कुणी वाचत नाही. रंग किती खरे दिसतील त्याचा, सीआरआय किंवा आरए असा. शंभर म्हणजे उत्तम. बाजारातले बरेच स्वस्त दिवे ८० च्या आसपास असतात आणि ८० म्हणजे चांगलाच की, असं आपल्याला वाटतं. माझ्याकडे तीन रिळं आहेत: मरून, चॉकलेटी आणि वाइन. दिवसा खिडकीपाशी शेंबडं पोरही ती वेगळी ओळखेल. ८० वाल्या पट्टीखाली मरून आणि चॉकलेटी सख्खे भाऊ झाले. याचं कारण एलईडीच्या घडणीत आहे. आत असतो निळ्या उजेडाचा डायोड आणि त्याच्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप. दोन्ही मिळून पांढरं दिसतं, पण त्यात गडद लाल कमी पडतो. आणि तो आरए आकडा काढतात आठ फिक्या रंगांवरून, त्या आठांत गडद लाल नाहीच. त्याचा हिशेब आर९ नावाने वेगळा असतो आणि चांगल्या मालाच्या खोक्यावर तो सापडतो. माझ्या मशीनच्या दिव्याला आरए ९५ च्या वर आहे, आर९ ही भरपूर, आणि तिन्ही रिळं पुन्हा आपापल्या रंगावर आली. शिवणकाम करत नसाल तरी हे तुम्हाला लागू आहे. माणसाच्या चेहऱ्यात, लाकडात, चामड्यात लालच तर असतो. महागडा सागवानी रंगाचा सोफा घरी आल्यावर मातकट दिसला तर आधी दिवा बदलून बघा.

वॅट बघून दिवा घेणंही सोडून द्या. जुन्या ६० वॅटच्या बल्बचा उजेड म्हणजे साधारण ८०० ल्यूमेन, आणि तेवढं देणारा एलईडी आठ-दहा वॅटचाच असतो.

आमच्या आईचं मत मात्र नोंदवायला हवं. ती रात्री उशिरापर्यंत वाचते. वय झालं की डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, उजेड आत कमी जातो, आणि उघड्या दिव्याची तिरीप मात्र जास्त सलते. म्हणजे जास्त उजेड हवा, पण थेट डोळ्यात नको. हल्ली मिरवले जाणारे नुसत्या काचेचे, आतली तार दिसणारे बल्ब तिने दोन मिनिटांत बंद करायला लावले. "हा दिवा बघायचा आहे की याच्या उजेडात बघायचंय?" असं विचारलंन. त्या जागी आता कापडी शेडचा दिवा आहे, शेड मीच शिवली. आतून पांढरं अस्तर लावलं की उजेड वाया जात नाही.

छताच्या कडेच्या पट्टीबद्दल तक्रार आहे, आणि ती पट्टीपेक्षा बसवणाऱ्याची आहे. ही पट्टी १२ किंवा २४ व्होल्टवर चालते, म्हणून तिला ड्रायव्हर नावाची डबी लागते. पट्टी बरीच टिकते, आधी जाते ती डबी. आमच्या इलेक्ट्रिशियनने ती जिप्समच्या छताआड ठेवून वरून पुट्टी मारून टाकली. डबी गेली तेव्हा छत कापावं लागलं. छत कापणारा वेगळा, डबी बदलणारा वेगळा, रंगाचा हात मारणारा तिसरा, आणि जमिनीवर पडलेली भुकटी पुसणारी मी. तेव्हा काम सुरू व्हायच्या आधी विचारा: डबी कुठे ठेवणार, आणि तिथे हात कसा पोहोचणार. पट्टी लांब असेल तर २४ व्होल्टचीच घ्या, १२ ची शेवटच्या टोकाला मंदावते. आणि अॅल्युमिनियमची पन्हळ व वर दुधी झाकण यांच्यावर पैसे वाचवू नका. उघडी पट्टी गुळगुळीत फरशीत ठिपक्याठिपक्यांनी दिसते, आणि ॲल्युमिनियम तिची उष्णता ओढून घेतं म्हणून ती टिकतेही जास्त.

आता चुना. सध्या सगळ्यांना हवाय तो लाइमवॉश, म्हणजे विरवलेला चुना, पाणी आणि मातीचे रंग. लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. म्हणून त्याचा थर प्लॅस्टिकच्या रंगासारखा वरवर बसत नाही, गिलाव्यात मुरतो. चुना कडक अल्कलीचा, म्हणून बुरशीला तो मानवत नाही. हे गुण खरे आहेत, आणि दिसायलाही ती भिंत फारच सुंदर. पट्टीचा उजेड वरून तिरपा पडला की कुंचल्याचे फटकारे उमटतात, एका जागी दाट, एका जागी विरळ, आणि दिवसभरात भिंतीचा रंग दोनचारदा बदलतो.

पण बाजारात त्या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक खरा चुना. दुसरा चुन्यासारखा दिसणारा ॲक्रिलिक रंग. दोन्ही वाईट नाहीत, पण आपण कुठला घेतोय ते ठाऊक हवं. खरा चुना जुन्या प्लॅस्टिक रंगावर धरत नाही, पोपडे निघतात. त्याला पाणी पिणारी भिंत लागते. ओळखायची साधी रीत: भिंतीवर पाण्याचा थेंब टेकवा. मुरला तर ठीक, ओघळला तर आधी खरवडा नाहीतर खनिज प्रायमरचा हात मारा. आमच्या रंगाऱ्याने हे केलं, आणि तिथेच त्याच्याबद्दल मत चांगलं झालं. भिंत त्याने आधी ओलसर केली, रुंद कुंचल्याने उलटसुलट तिरके फटकारे मारत पातळ पातळ हात दिले, आणि मध्ये थांबायला तयार झाला नाही. जेवायला बोलावलं तर म्हणाला, "कोपरा गाठल्याशिवाय खाली उतरत नाही, ताई. इथे थांबलो तर इथे रेघ राहील." गॉगल आणि हातमोजे घालून काम करत होता. तेही बरोबर, कारण ओला चुना डोळ्यात गेला तर इजा करतो. ओला असताना भिंत इतकी गडद दिसली की आमच्या ह्यांचा चेहरा उतरला. वाळल्यावर ती कितीतरी फिकी होते, हे आधी ठाऊक असलं म्हणजे झोप लागते.

आणि पुसायचं काय? पुसायचं नाही. ओल्या फडक्याने घासलं की डाग जातो आणि त्या जागी फिका ठप्पा राहतो, तो डागापेक्षा मोठा. आमची लेक जमिनीवर बसून, भिंतीला डोकं टेकवून फोनवर बोलते. केसांच्या तेलाचा एक गोल तिथे कायमचा आहे. ठिगळ लावल्यासारखा नुसता तेवढ्याच जागी रंगही देता येत नाही, मिळून येत नाही. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत पुन्हा घ्यावी लागते. शिवाय काम नीट झालं नसेल तर भिंत अंगाला लागते. याची माझी कसोटी म्हणजे काळ्या सॅटिनचा तुकडा. भिंतीवर तळहाताच्या जोराने एकदा फिरवायचा. आमच्या भिंतीवर तो काळाच राहिला. रंगाऱ्याला शेवटचे पैसे देण्याआधी हे करून बघाच.

माझा सल्ला असा की चुना सोफ्यामागच्या भिंतीला द्या, जिथे हात पोहोचत नाहीत. स्विचबोर्डाची भिंत, जिन्याची भिंत, मुलांच्या उंचीची भिंत यांना धुता येईल असा रंग बरा. ॲक्रिलिकवाला प्रकार थोडा जास्त सोसतो, पण उजेडात त्याची गंमत तेवढी खुलत नाही.

पन्हळीच्या पॅनेलचं मी थोडक्यात उरकते. ते आमच्या ह्यांच्या हट्टाने आलं. टीव्हीमागे उभ्या पट्ट्या, एमडीएफच्या म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेल्या फळीच्या, वर रंग. पहिल्या आठवड्यात सगळे वाहवा म्हणाले. माझ्या खोलीत कापसाची फुंज उडते, कापड कापलं की उडणारच, आणि ती प्रत्येक खाचेत जाऊन बसते. फडकं खाचेत जात नाही. व्हॅक्यूमचा ब्रश जातो, पण अर्धाच. शेवटी रंगाचा एक कोरडा मऊ कुंचला त्याच्यासाठीच ठेवला आहे, वरून खाली एकेक खाच. खाली पट्टी जमिनीला मिळते तिथे धुळीची वळी जमते. घ्यायचंच असेल तर रुंद, उथळ गोलाईचं घ्या, अरुंद खोल खाचांचं नको, आणि आडव्या पट्ट्यांचा तर विचारही नको. एमडीएफ असेल तर त्यातल्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू किती सुटतो त्याचा दर्जा विचारा. ई१ लिहिलेलं असतं, ई० त्याहून चांगला. मागे नमदा लावलेल्या पट्ट्या मिळतात, त्या "आवाज थांबवतात" असं सांगून विकतात. त्या खोलीतला घुमारा कमी करतात, हे खरं. शेजारच्या खोलीतला आवाज थांबवत नाहीत. माझ्या मशीनची धडधड टेबलाच्या पायांतून जमिनीत जाते, तिला पायाखालच्या रबरी चटईनेच आराम पडला.

पडद्यांवर बोलायला लागले तर थांबणार नाही, तेव्हा आधीच सांगते, इथे मी पक्षपाती आहे.

छताजवळून सुरू होऊन जमिनीला टेकणारे पडदे हा सध्याच्या सगळ्या प्रकारांतला सगळ्यात शहाणा प्रकार. खिडकी लहान असली तरी भिंत उंच वाटते. पण तयार मिळणारे बहुतेक पडदे दोन ठिकाणी कंजूषी करतात. पहिली घेरात. दांडीच्या रुंदीच्या किमान दुप्पट कापड हवं, पातळ कापडाला अडीचपट. तयार पडद्यांत कितीदा दीडपट असतं, मग लावल्यावर ते ताणलेल्या चादरीगत सपाट दिसतात आणि दोष कापडाला दिला जातो. दुसरी कंजूषी खालच्या दुमडीत. चार बोटांची दुहेरी दुमड असली की पडदा आपल्या वजनाने सरळ पडतो. एका बोटाची दुमड असली की कड वळते. उचलून बघा आणि खालची कड दोन बोटांत धरा, जड लागली पाहिजे. जमिनीपासून एखाद-दोन सेंटिमीटर वर थांबला तर झाडूही नीट फिरतो. जमिनीवर लोळणारा पडदा फोटोत राजेशाही, घरात केरसुणी.

दांडी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना वीत-दीड वीत लांब घ्या. पडदा बाजूला सारला की तो भिंतीवर जमला पाहिजे, काचेवर नाही. एवढ्यानेच खोलीत उजेड वाढतो आणि खर्च म्हणाल तर दांडीच्या एका तुकड्याचा.

मी स्वतः शिवले ते नागमोडी लाटांचे, ज्याला वेव्ह किंवा रिपल म्हणतात. वरच्या पट्टीला ठरावीक अंतरावर बटणं, ती रुळावरच्या सरकत्यांना अडकतात, आणि सरकते एका दोरीने एकमेकांपासून ठरावीक अंतरावर बांधलेले. त्यामुळे प्रत्येक लाट सारखी. हातशिलाईच्या चुण्यांपेक्षा सोपं, धुवायला काढणंही सोपं. यातली गोम अशी की पट्टीवरच्या बटणांचं अंतर आणि रुळाच्या दोरीचं अंतर एकमेकांना जुळणारं हवं. दोन वेगळ्या ठिकाणांहून आणलेत तर लाटा कधी फुगतात, कधी मरतात.

कापड लिननचं हवं, असा आग्रह सगळीकडे आहे. लिनन सुंदर पडतं, खरंच. पण ते कापण्याआधी धुवा. पहिल्या धुण्यात आखडतं, आणि छतापासून आलेला पडदा एकदा आखडला की तो वाढत्या मुलाच्या आखूड झालेल्या पायजम्यासारखा दिसतो. शिवाय हवेतल्या दमटपणाने ते थोडं खालीवर होतच राहतं, म्हणून टांगून आठवडाभर लोंबू द्यायचं आणि मग खालची दुमड घालायची. कोणताही शिंपी घाईत हे करणार नाही, तुम्ही मागितलंत तर करील. उन्हाच्या खिडकीला अस्तर लावाच, ऊन आधी अस्तर खातं आणि अस्तर बदलता येतं. मखमल घेणार असाल तर सगळे पट एकाच दिशेच्या लवेचे कापले आहेत का ते बघा. एक पट उलटा गेला की तो कायम वेगळ्या छटेचा दिसतो, आणि शिवणाऱ्याला ते माहीत असतं.

अर्ध्या खिडकीचे छोटे पडदेही पुन्हा आलेत. खालचा अर्धा भाग झाकलेला, वरून आभाळ दिसतं. ओट्याजवळच्या खिडकीला छान. उरलेल्या कापडात होतात.

सोफ्याच्या बाबतीत मी आणि जग यांचं पटत नाही. बुक्ले नावाचं ते गाठीगाठींचं कापड नवीन नाही. ईरो सारिनेनने नॉल कंपनीसाठी केलेली वूम चेअर १९४८ सालची, आणि ती या कापडात आजही दिसते. धाग्याचेच लहान लहान फास करून विणलेलं असतं, म्हणून हाताला ऊबदार लागतं. विकणारा तुम्हाला मार्टिनडेलचा आकडा सांगेल. त्या चाचणीत कापडावर लोकरीचं कापड घासत राहतात आणि किती घाशींनंतर धागे तुटतात ते मोजतात. रोजच्या बसण्याला वीस-पंचवीस हजार म्हणजे चांगलं. पण ती घासण्याची चाचणी आहे, ओढण्याची नाही. फासात नख, बांगडी, जीन्सच्या खिशाचा खिळा, आणि आमच्या घरी मांजर अडकतं. फास ओढला गेला की तो कापायचा नाही. जाड नेढ्याच्या सुईने मागच्या बाजूला खेचून घ्यायचा. मला हे येतं म्हणून आमचा सोफा अजून दिसण्याजोगा आहे. ज्यांना येत नाही त्यांनी त्याच पोताचं पण घट्ट विणीचं कापड बघावं, आणि गाद्यांच्या खोळी चेनने निघतात ना, याची दुकानातच चेन उघडून खात्री करावी. कधीकधी चेन असते, पण ती नुसती खोळ चढवायला, धुवायला नाही. आतल्या लेबलवर लिहिलेलं असतं.

गोलसर आकाराची गोष्ट वेगळी. वळणाचा सोफा सरळ भिंतीला टेकत नाही, मागे रिकामी जागा राहते आणि ती कुणाच्याच कामाची नसते. घेण्याआधी मी वर्तमानपत्रं चिकटवून त्याचा खऱ्या मापाचा कागदी आराखडा कापला, ब्लाउजचा कापते तसाच, आणि जमिनीवर अंथरला. इस्त्रीच्या टेबलाकडे जायची वाट बंद होत होती. मग सरळ पाठीचा, गोल हातांचा सोफा आला. खऱ्या मापाचा कागद जमिनीवर टाकून त्याच्याभोवती दिवसभर चालून बघा. दुकानाच्या मोठ्या दालनात सगळंच लहान दिसतं.

एकाच रंगात खोली बुडवण्याचा प्रकार मी शेजारच्या छोट्या खोलीत केला, भिंती, छत, दार, चौकट, सगळं एकाच मातकट हिरव्यात. लहान आणि वेड्यावाकड्या खोलीला हा प्रकार फार शोभतो, कारण कोपरे आणि तुळया ओरडायच्या थांबतात. रंगाच्या कार्डामागे एलआरव्ही नावाचा आकडा असतो, शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पांढरा, म्हणजे भिंत किती उजेड परत देईल ते. वीसच्या खालचा रंग घेतलात तर दिवे वाढवायची तयारी ठेवा. दाराला तोच रंग चकाकीचा आणि भिंतीला मॅट दिलात तर दोन छटा वाटतील, ते मला आवडलं. वर्षाचा रंग म्हणून जो जाहीर होतो त्याच्यामागे मात्र धावू नका. पँटोन या रंगांच्या कंपनीने २०२४ ला पीच फझ दिला, २०२५ ला मोका मूस हा तपकिरी, २०२६ साठी क्लाउड डान्सर म्हणजे सरळ पांढरा. या वेगाने भिंती रंगवायच्या तर रंगाऱ्याला घरातच खोली द्यावी लागेल. उशीची खोळ त्या रंगाची शिवा, हौस भागते.

झाडांनी हवा शुद्ध होते म्हणून घरात जंगल करणाऱ्यांसाठी एक वाक्य. तो सगळा गाजावाजा १९८९ च्या नासाच्या प्रयोगापासून चालत आला, आणि तो प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा दिसलं की नुसत्या हवेच्या येण्याजाण्याशी बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. झाडं ठेवा, डोळ्यांना बरी वाटतात. पानं पुसावी लागतात.

शेवटी फोनवरच्या एका ॲपबद्दल, कारण लेकीने त्याच्यावरूनच हे सगळं सुरू केलं. खोलीचा फोटो टाकायचा, शैली निवडायची, आणि ते कृत्रिम बुद्धीने नवी खोली रंगवून देतं. रंगाची कल्पना यायला ठीक आहे. भिंत गडद केली तर काय होईल, हे चार बोटांच्या कार्डापेक्षा इथे बरं कळतं. पण मापाशी त्याचं काही देणंघेणं नाही. आमची खिडकी त्याने हातभर सरकवली. दिवे लावले, वायरी नाहीत. सगळे स्विचबोर्ड गायब. सोफा इतका खोल की त्यावर बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला टेकणार नाहीत. आणि प्रत्येक चित्रात, शैली कोणतीही निवडा, माझं मशीन काढून तिथे वाळक्या गवताची फुलदाणी ठेवलेली. लेकीने सूचनेत स्पष्ट लिहिलं की शिवणाचं मशीन राहू दे. मग राहिलं, सुईशिवाय.

फुकटातली चित्रं लगेच संपतात आणि महिन्याचं सदस्यत्व मागतं. ते रद्द करायचं बटण सेटिंगच्या अगदी तळाशी, मदतीच्या पानाच्या आत दडवलेलं आहे. वापरून बघणार असाल तर पैसे भरायच्या आधी ते कुठे आहे ते शोधून ठेवा.